आभाळातलं कबूतर की तीस चौकोन?

मे महिन्यात जळगावात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. कूलर लावायचा, सतरंजी टाकायची आणि घरातच काहीतरी मांडायचं. तेवढ्यासाठी मानवी हक्कांवरचे दोन जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र करायचे खेळ, आणले. एक १००० तुकड्यांचा: निळं आभाळ, मधे पांढरं कबूतर, खाली हात धरून उभी माणसं. दुसरा ५०० तुकड्यांचा: संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातल्या ३० कलमांची ३० छोटी चौकोनी चित्रं.

दिसायला पहिलाच देखणा. फ्रेम करून भिंतीवर लावायचा असेल तर तोच घ्या.

पण त्या आभाळाने आमचा अंत पाहिला. सगळे तुकडे एकाच निळ्या रंगाचे, कापही इतका सारखा की चुकीचा तुकडासुद्धा चपखल बसतो. चौथ्या दुपारी कबुतराचा पंख जुळेना. मागे मागे शोधत गेलो तर चूक पहिल्या दिवशीच्या कोपऱ्यात! अर्धं आभाळ उसवलं. मुलगी रडकुंडीला आली. आई तर दुसऱ्याच दिवशी उठून गेली होती. तिच्या डोळ्यांना सगळं निळं एकच. दुसऱ्या कुणाचा काप बरा असेलही, मी आमच्यापुरतं सांगतोय.

तीस चौकोनांत चूक झाली तरी त्या चौकोनापुरती, लगेच कळते. शिवाय प्रत्येकाला आपला चौकोन मिळतो. मुलाने शिक्षणाचं २६वं कलम पळवलं. मुलगी पहिल्या कलमावर बसली, तेव्हा तिला सांगता आलं की मसुद्यात आधी 'ऑल मेन' होतं. त्याचं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावं म्हणून तिथल्या भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी आग्रह धरला. कबुतरावरून असं बोलणं कधी निघालं नाही. फक्त ५वं कलम छळाविरुद्धचं आहे, लहान मूल असेल तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

आई २४व्यावर थांबली. चित्रात झाडाखाली खाटेवर आडवी झालेली बाई. "हाई काय शे?"

विश्रांतीचा हक्क, म्हटलं. कामाच्या तासांना मर्यादा, पगारी सुट्टी.

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलाय तिने. तो चौकोन तिने एकटीने लावला, कुणाला हात लावू दिला नाही. खेळ मोडून खोक्यात भरताना बाकीचं सगळं सुटं केलं; तेवढा मात्र जुळलेलाच वर ठेवलाय.