लागोसला कामासाठी उतरायचं कुठे: इकेजा की व्हिक्टोरिया आयलंड?

नायजेरियातल्या लागोसमध्ये हॉटेल ठरवताना खोलीच्या भाड्याआधी वाटेतला पूल बघावा. विमानतळ मुख्य भूमीवर, इकेजाला. बड्या बँका, तेलकंपन्या आणि परदेशी वाणिज्य दूतावास मात्र बऱ्याचशा व्हिक्टोरिया आयलंडवर. मधे खाडीवरचा थर्ड मेनलँड ब्रिज, सुमारे १२ किलोमीटरचा. सकाळी बेटाकडे जाताना आणि संध्याकाळी परतताना तो असा तुंबतो, की रात्री तासाभरात होणारा प्रवास दिवसा दोन-अडीच तास खातो. म्हणून मीटिंगा बेटावर असतील तर बेटावरच राहा. भाडं चढं, पण वेळ वाचतो. शिवाय पायी जाण्याजोगी बरी रेस्टॉरंटं असतात. जून-जुलैच्या पावसात तिथले रस्ते पाण्याखाली जातात, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

काम कारखान्यांशी असेल, किंवा पहाटे राजधानी अबुजाचं विमान धरायचं असेल, तर इकेजाच बरं. जवळच्या इलुपेजूत भारतीयांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल कमी होतात. इकेजाची हॉटेलं दिसायला साधी, पण जीआरए (गव्हर्नमेंट रिझर्व्ह्ड एरिया) या भागातली शांत असतात.

विजेचं रडगाणं दोन्हीकडे सारखंच. 'जनरेटर आहे का' असं विचारू नका, तो असतोच. रात्रभर चालतो का, ते विचारा. आणि खोलीला खिडकी जनरेटरच्या बाजूची नको, हेही आधीच सांगून ठेवा.