मीटरवर शून्य दिसलं आणि मी 11,850 रुपये मोजले

काल रात्री ऐरोलीच्या नणंदेने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक कागद मला पाठवला. 'घरच्या कॉम्प्युटरची मोफत व्होल्टेज व अर्थिंग तपासणी, फक्त रविवारी.' जूनमध्ये ज्या कागदाला मी फसले, त्याचाच हा भाऊ: मोबाईल नंबर बदललाय, बाकी मजकूर अक्षरशः तोच. 'इलेक्ट्रीक'मधली दीर्घ ईसुद्धा तीच. मी घरून डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते, अशा चुका मला आधी दिसतात. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. आजवर हे घराबाहेर कुणाला पूर्ण सांगितलं नव्हतं.

आम्ही कोपरखैरण्यात राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला. जूनच्या सुरुवातीला एका रात्री इमारतीच्या लाईनचं न्यूट्रल (वीज परत जायची वायर) तुटलं. आमचे पंखे सुसाट, ट्यूब डोळे दिपतील अशा, आणि समोरच्या घरात दिवे मिणमिणते. थ्री फेजचं, म्हणजे तीन वायरींनी येणाऱ्या विजेचं, न्यूट्रल सुटलं की 230 व्होल्टच्या जागी एखाद्या घरात 300च्याही वर जातात. खालच्यांचा फ्रिज जळाला, दोघांचे टीव्ही गेले. माझा कॉम्प्युटर बंद होता म्हणून वाचला. सगळी बिल्डिंग धास्तावलेली होती, आणि असे लोक नेमके तेव्हाच दारात उभे राहतात.

22 जूनला, रविवारी, त्या कागदावरचा 'तपासणीवाला' आला. टापटीप शर्ट, गळ्यात ओळखपत्र, 'ताई, ताई' करत बोलणारा. आधी कॉम्प्युटर बघायलाही गेला नाही. म्हणाला, "ताई, अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागे हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?" येत होत्या! वर्षभर येत होत्या. तिथेच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आता कळतं, ज्या बोर्डाला अर्थिंग (गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर) नाही तिथे हे होतंच. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या, फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि त्याला जायला वाट नसते. जुन्या इमारतींत दहा घरं विचारली तर काही घरांत 'हो' मिळणारच. आमच्याकडे निदान खरं होतं आणि उपाय खोटा. म्हणूनच मी फसले, मूर्ख होते म्हणून नाही.

त्याने काय काय लावलं ते पैशांसकट लिहिते. 'हजार व्हीएचा स्टॅबिलायझरवाला यूपीएस' (लाईट गेली की कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणारा खोका; व्हीए हे त्याच्या ताकदीचं माप) 9,200. 'केमिकल अर्थिंग' 2,400. 'स्पाइक गार्ड' (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा प्लगचा बोर्ड) 850. माझ्या जुन्या यूपीएसचे 600 वजा. एकूण 11,850. पैसे क्यूआर कोडवर दिले, नाव आलं एका बाईचं. "मिसेसचं अकाउंट आहे," म्हणाला. पक्कं बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं, ते अजून यायचंय. हातात दिली ती नुसती पावती, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. यूपीएसवरचं नाव एका नामांकित कंपनीसारखंच, एक अक्षर तेवढं वेगळं. आणि मी अक्षरांवरच पोट भरते.

अर्थिंगचं काम झाल्यावर त्याने मीटर लावून दाखवलं. फेज (वीज आणणारी वायर) ते अर्थ 231 व्होल्ट. न्यूट्रल ते अर्थ शून्य. "बघा ताई, परफेक्ट शून्य." कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्याही गेलेल्या. कुणाची खात्री पटली नसती?

पण ज्या क्षणासाठी मला रात्री झोप लागत नाही, तो पुढचा आहे. यूपीएस कसा चालतो ते दाखवायला त्याने मेन स्विच बंद केला. घर अंधारलं आणि यूपीएसवर लावलेला बल्ब झगझगीत पेटलेला. नऊ वॅटचा एलईडी बल्ब, त्याने स्वतःच्या पिशवीतून काढलेला. मी म्हटलं, "कॉम्प्युटर लावून बघू या की." हे वाक्य मी बोलले आहे, माझ्या मुलीने ऐकलं आहे. तो हसून म्हणाला, "आज नको ताई, नवी बॅटरी आहे, आधी आठ तास चार्जिंग लागतं, नाहीतर वॉरंटी जाते." आणि मी गप्प बसले. माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट घेतात. बल्बाच्या वीसपट! मेलेल्या बॅटरीवरही बल्ब पेटतो. अंधारात तो उजेड बघून मी खुळ्यासारखी बघत राहिले आणि मनात आलेला प्रश्न गिळला. आणि तो खोका? तीन जिने तो एका हातात घेऊन चढला होता, दुसऱ्या हातात फोनवर बोलत. हजार व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक दोन बॅटऱ्या असतात, एकेक दोन किलोंच्या आसपास, वर ट्रान्सफॉर्मर. तो असा लीलया उचलता येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

19 जुलैला दुपारी धो धो पाऊस. लाईट चार-पाच वेळा गेली-आली. पहिल्याच झटक्याला यूपीएस 'टक्' करून बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी प्लग उपटायला खाली वाकले तेवढ्यात जळल्याचा वास आला. एसएमपीएस गेला, हार्डडिस्कही बसली. तिच्यात एका दिवाळी अंकाची 64 पानं लावलेली होती, जुळणी, शुद्धलेखन, सगळं झालेलं. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर. डिस्क बसली की दोन्ही गेले. डेटा काढून द्यायचे 14,000 सांगितले, तेही खात्रीशिवाय. मी ती पानं पुन्हा लावली, सतरा रात्री. संपादकांना फोन करताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मग ओळखीच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी यूपीएस उघडला. आत एकच बॅटरी, तिच्यावर स्टिकरवर स्टिकर चिकटवलेला, तारखेचा कोड खरवडलेला. शेजारी वजनाला सिमेंटचा एक तुकडा, टेपने गुंडाळलेला. स्पाइक गार्डमध्ये एक लाल दिवा आणि पितळी पट्ट्या, बस्स. खऱ्यात नाण्याच्या आकाराची चकती असते, एमओव्ही म्हणतात. जादा व्होल्टेजचा मार ती खाते, आणि असे मार खाऊन खाऊन तीही संपते, त्यामुळे पाच वर्षं जुन्या स्पाइक गार्डवर विसंबू नका. 'केमिकल अर्थिंग'ची हिरवी वायर खिडकीतून खाली सोडलेली होती. काका जिना उतरून बघून आले. दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पाइपमागे ती नुसती लोंबकळत होती.

मग मीटरवर शून्य कसं आलं? बोर्ड उघडला तेव्हा कळलं. त्याने प्लगच्या मागे इंचभर वायर टाकून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकले होते. शून्य येणारच. झिणझिण्याही जाणारच. पण जूनसारखं न्यूट्रल पुन्हा सुटलं असतं तर जीवघेणं व्होल्टेज त्या तुकड्यातून कॅबिनेटवर आलं असतं. माझी मुलगी त्याच टेबलावर पाय टेकवून अभ्यास करते. पैशांचं दुःख मी गिळेन, हे नाही गिळणार. काका म्हणाले, खऱ्या अर्थिंगवर लोड असताना व्होल्ट-दोन व्होल्ट दिसतातच, ठाम शून्य दिसलं की बोर्ड उघडा. बिल्डिंगची अर्थिंगची वायर त्याच बोर्डात मागे मुडपून टेप लावून ठेवलेली होती. तो जोड काढला, ती वायर जोडली, तपासली. 350 रुपये.

एसएमपीएसचे 2,900, नव्या डिस्कचे 4,100, काकांचे 350. आधीचे 11,850 धरून सगळे मिळून 19,200 रुपये गेले. वाशीच्या दुकानात हजार व्हीएचा नवा यूपीएस मी नंतर 5,300ला घेतला, पक्क्या बिलाने.

पोलीस ठाण्यात गेले. दीड तास बाकावर. मग साहेब म्हणाले, "वस्तू तुम्ही घेतली, पैसे स्वतः दिले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक कोर्टात जा." मी सिमेंटचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून खाली ठेवला. "टेबल खराब होतंय." बनावट ओळखपत्र, बनावट माल, खोटं मीटर, ही फसवणूक नाही तर काय आहे? पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. मला अर्जाची पोच देऊन घरी पाठवलं. सायबरकडे विचारलं तर, "हे ऑनलाइन नाही, माणूस घरी आला होता." ग्राहक आयोगात तक्रार करायची तर समोरच्याचा पत्ता हवा. पत्ता माझ्याकडे असता तर मीच दारात जाऊन उभी राहिले असते! ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याला पत्ता आहे, केवायसी आहे, पण बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस म्हणतात ग्राहक कोर्ट. आणि ज्या तुटलेल्या न्यूट्रलपासून हे सुरू झालं, त्याबद्दल वीज कार्यालयात गेले तर खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आतली वायरिंग तुमची जबाबदारी." न्यूट्रल बाहेर तुटलं होतं. जळलेल्या फ्रिजवाल्यांना अजून उत्तर नाही. तीन ठिकाणी तीन अर्ज, तिघांची पोच माझ्या फायलीत आहे.

म्हणून, घरी येणाऱ्याकडून यूपीएस घेऊच नका. यूपीएसवर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, नोंदणी क्रमांक असतो, आर आणि पुढे आठ आकडे, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, पैसे द्यायच्या आधी. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. विजांचा पाऊस येणार असं दिसलं की बटण बंद करून भागत नाही, विजा कडाडायच्या आधीच प्लग काढा, इंटरनेटची वायरही काढा. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, वरच्या अधिकाऱ्यांना पाठवा, तशी तरतूद कायद्यात आहे, मी परवाच पाठवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, क्यूआरचा स्क्रीनशॉट, जळलेला भाग, काही फेकू नका.

नणंदेला सांगून ठेवलंय, तिच्या सोसायटीत रविवारी तो आला तर दार उघड, चहा दे, यूपीएसला स्वतःचा कॉम्प्युटर लाव, मेन स्विच स्वतःच्या हाताने पाड, आणि त्याचा फोटो काढ. दहा वाजता मीही तिथे पोचते आहे, सिमेंटचा तुकडा पिशवीत घेऊन.