डाल्कमध्ये खोली कशी जोखायची: पॅकीमीटर, हवेचा आरसा की ओसीटी?

चिकोडी, रायबाग, निपाणीकडे डाल्क (कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच; तिचा आतला पडदा राखून फक्त वरचे थर बदलायचं रोपण) सुरू करू पाहणाऱ्या तरुण नेत्रतज्ज्ञांचा पहिला प्रश्न ठरलेला: मायक्रोस्कोपमध्ये बसवलेलं ओसीटी (प्रकाशाने कॉर्नियाचा छेद दाखवणारं यंत्र) घ्यावंच लागेल का? माझं मत, सुरुवातीला नको.

कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, आणि वाचवायचा तो डेसेमेट पडदा जेमतेम १० मायक्रॉनचा. वरच थांबलात तर बिग बबल, म्हणजे सुईने हवा मारून पडदा वरच्या थरापासून सुटा करणारा मोठा बुडबुडा, होत नाही. खाली गेलात तर पडदा फाटतो आणि पूर्ण जाडीचं रोपण करायची पाळी येते.

पॅकीमीटर, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजायचं यंत्र, बहुतेकांकडे असतोच. ट्रेफाइन (गोल चर पाडणारं पातं) किती खोल न्यायचा हे ठरवायला तो पुरतो, पण मोजायचं ते जिथे चर पडणार त्या रेषेवर. केंद्रातला आकडा तिथे कामाचा नाही, आणि केराटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) तर एका बाजूची जाडी दुसरीशी जुळत नाही. चार जागी मोजा, सगळ्यांत कमी आकडा धरा. एकदा सुई आत शिरली की मात्र तो गप्प.

तिथून पुढे हवेचा आरसा. नेत्रशल्यविशारद मेलेस यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही युक्ती फुकटची आहे आणि मला सर्वांत आवडते. पुढच्या कप्प्यात (कॉर्नियामागच्या पाण्याच्या जागेत) हवा भरली की कॉर्नियाची मागची बाजू आरशासारखी चमकते. जाड काचेच्या आरशाला बोट टेकवल्यावर बोट आणि प्रतिबिंब यांत फट दिसते ना, तसाच पात्याचं टोक आणि त्याच्या प्रतिबिंबात काळा पट्टा दिसतो. पातं खोल जाईल तसा पट्टा बारीक होतो; जवळजवळ दिसेनासा झाला की थांबायचं. बिग बबल करणार असाल तर हवा मारण्याआधी ही हवा काढून डोळा मऊ करा.

बिग बबल झाला की नाही हे कळायला वेगळी खूण लागते, कारण हवेने स्ट्रोमा (कॉर्नियाचा मधला जाड थर) पांढरा पडतो. पुढच्या कप्प्यात छोटासा बुडबुडा सोडा. तो कडेला सरकला तर पडदा सुटून खाली फुगलाय; मध्येच बसून राहिला तर नाही. मात्र हे नंतरचं प्रमाणपत्र, सुई किती खोल आहे ते यातून कळत नाही.

ओसीटी नेमकं तेच दाखवतं, उभ्या छेदात. तरी धातूच्या सुईची सावली पडते आणि तिच्याखालचा भाग झाकला जातो. खर्च तर आहेच. खरी गोम अशी की हवेचा आरसा स्वच्छ कॉर्नियातच दिसतो. उसाचं पान लागून बुरशी धरली आणि मग दाट फूल (पांढरा डाग) पडलं, अशा डोळ्यात प्रतिबिंब शोधूनही सापडत नाही. ऊसपट्ट्यात असे डोळे येणारच. ओसीटीचा पैसा वसूल होतो तो इथे.

म्हणून आधी स्वच्छ केराटोकोनस घ्या, आरसा आणि छोटा बुडबुडा यांवर हात बसवा. फूल खोलवर असेल तर ओसीटी असलेल्या मोठ्या केंद्रात पाठवा. पेशंट बेळगावला किंवा मिरजेला जायला कुरकुरतो, पण जातो. हायड्रॉप्स (पडदा फाटून कॉर्नियात पाणी शिरणं) होऊन गेलेल्या डोळ्यात बिग बबलच्या भानगडीत पडू नका, आधी फाटलेला पडदा हवेने पुन्हा फाटतो.

नेत्रपेढीला फोन करताना मात्र काटकसर नको. डाल्कला दात्याच्या एंडोथेलियमची (कॉर्नियाच्या सगळ्यांत आतल्या पेशींच्या थराची) गरज नसते म्हणून कमी प्रतीचा कॉर्निया चालतो, हे खरं. पण ओसीटीशिवाय करत असाल तर चांगल्या एंडोथेलियमचाच मागवून ठेवा. पडदा फाटला तर त्याच टेबलावर तोच वापरायचा आहे.