पोकेमॉन मून, आठ महिन्यांनंतर: प्युकुमुकुवर अन्याय झालाय

पोकेमॉन मून हा गेम मी ज्या दोन पडद्यांच्या, हातात धरायच्या मशीनवर खेळते, त्याचं बिजागर गेल्या महिन्यात सैल झालं आणि वरचा पडदा मध्येच काळा पडायला लागला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांचा वायदा करून १२ दिवस ठेवून घेतलं, वर १,८०० रुपये घेतले. कार्ट्रिज मी जुनंच २,२०० ला घेतलं होतं, त्यामुळे हा खर्च फार टोचला. पण त्या १२ दिवसांत खेळ बंद म्हणून गेममधल्या जीवांचे खरे भाऊबंद वाचत बसले, आणि माझं मत फिरलं.

त्याआधी प्युकुमुकुची, म्हणजे गेममधल्या समुद्रकाकडीवर बेतलेल्या पोकेमॉनची, 'इनार्ड्स आउट' ही मला अख्ख्या गेममधली सर्वांत हुशार ॲबिलिटी (अंगभूत खुबी) वाटायची. शेवटच्या घावाआधी त्याचा जितका एचपी (जीवशक्तीचे गुण) शिल्लक असेल, तितकंच नुकसान पाडणाऱ्याला होतं. ९० शिल्लक असताना एका फटक्यात पाडलं तर समोरच्याचेही ९० गेले. बीएस्सीला प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी) होती, सुरकुतलेली, काळपट. ती आतडी बाहेर फेकते एवढं तेव्हा पाठ केलं होतं, म्हणून गेममध्ये ते पाहून फार आनंद झाला.

पण समुद्रकाकडी आतडी फेकते ती जीव वाचवायला. शत्रू त्यात गुंततो, ही सटकते आणि काही आठवड्यांत आतडी नव्याने उगवतात. होलोथुरिया गटातल्या काही जातींकडे तर त्यासाठी वेगळ्या चिकट नळ्या असतात. गुदद्वारातून बाहेर पडल्या की त्या ताणून कितीतरी पट लांब होतात आणि खेकड्याला जखडून टाकतात. शरीराची भिंतही ती हवी तेव्हा मऊ, हवी तेव्हा कडक करू शकते. गेममध्ये मात्र प्युकुमुकु आडवा झाल्यावरच ही ॲबिलिटी चालते. जगण्याची युक्ती मरतानाचा सूड करून टाकली आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही.

जास्त राग याचा, की योग्य ॲबिलिटी गेममध्ये आधीपासून आहे. 'रीजनरेटर': लढाईतून मागे घेतलं की एक तृतीयांश एचपी परत. ती कुणाला दिली? मरीनीला, लपलेली (क्वचितच मिळणारी) ॲबिलिटी म्हणून! मरीनी म्हणजे पोवळी खाणारा काटेरी तारामासा, पोट बाहेर काढून पोवळ्यावर पसरणारा. पोवळ्यावर बेतलेला कोर्सोला लढाईत मदतीला हाक मारतो तेव्हाच ती येते. हे नातं इतकं चोख जमवलंय की ती पकडायला मी तीन संध्याकाळी घालवल्या, त्याचं वाईट वाटत नाही. तारामाशाचे हात पुन्हा उगवतात, कबूल. पण अख्खी आतडी उगवणाऱ्याला काहीच नाही?

गोलिसोपॉड या आणखी एका पोकेमॉनच्या 'इमर्जन्सी एक्झिट' ॲबिलिटीबद्दल थोडक्यात: अर्ध्या एचपीवर पळतो, भर लढाईत डाव मोडतो. आवडत नाही.

मशीन परत आल्यावर एक गोष्ट नव्याने लक्षात आली. प्युकुमुकुला 'रिकव्हर' ही चाल शिकता येते, तिने निम्मा एचपी भरून निघतो. म्हणजे पुन्हा उगवणं कुणाच्या तरी डोक्यात होतं. तिथे माझा राग निम्मा उतरला. बचाव १३० आणि विशेष बचावही १३०, वेग जेमतेम ५, हेही त्या प्राण्याला शोभतं.

आणि गेममधल्या हॅनो बीचवरचं काम! किनाऱ्यावर पडलेले सहा प्युकुमुकु समुद्रात परत फेकायचे, दिवसाला एकदा गेममधले २०,००० मिळतात. आधी मी फक्त पैशांसाठी करायचे. गेममधला प्रदेश अलोला ज्या हवाईवर बेतलाय तिथे २०१५ मध्ये समुद्रकाकड्या इतक्या उपसल्या गेल्या की तातडीने बंदी घालावी लागली, हे त्याच १२ दिवसांत वाचलं. आपल्याकडे तर २००१ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. आता पोकेमॉन पकडायचे बॉल घ्यायला पुरेसे पैसे आहेत, तरी रोज रात्री जेवण झालं की आधी हॅनो बीचवर जाते, सहाही पाण्यात सोडते, मगच पुढचं खेळते.