ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: मराठी माध्यमाच्या मुलांसाठी घ्यावी का?

कोल्हापुरात मी दहावी-अकरावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. डिक्शनरी कोणती घ्यायची, हे पालक हमखास विचारतात. मी हीच सांगते. का, ते ‘बोर्ड’ या एका नामावरून दाखवते.

हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडात सारखा असतो. दहावीचं बोर्ड, कॅरमबोर्ड, दुकानावरचा बोर्ड. बोर्डिंग तर कोल्हापूरकरांच्या घरचंच. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं इथं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. तरी उताऱ्यात ‘बोर्ड अँड लॉजिंग’ आलं की मुलं अडतात. खिशातल्या छोट्या कोशात ‘फळी, तक्ता, मंडळ, भोजन’ असे अर्थ एका ओळीत दिलेले असतात. त्यातला नेमका कुठला उचलायचा, हे पोरांनी कशावरून ठरवायचं?

ऑक्सफर्डमध्ये अशा लांबलचक नोंदीत अर्थांच्या गटांवर छोटे मथळे असतात: लाकूड, माणसांचा गट, जेवण. आधी मथळे चाळायचे, आपल्या वाक्याशी जुळेल तिथं थांबायचं. शिवाय नाम मोजता येणारं की न येणारं, याची खूण प्रत्येक अर्थापुढं असते. मला या खुणेचं फार मोल वाटतं. फळी मोजता येते, संचालक मंडळ मोजता येतं. जेवण या अर्थाचा ‘बोर्ड’ मात्र मोजत नाहीत, म्हणून त्याच्याआधी ‘अ’ लागत नाही. हॉटेलचं ‘फुल बोर्ड’ म्हणजे राहण्यासोबत सगळी जेवणं, ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण.

वेबसाइट फुकट आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही उच्चार ऐकता येतात, आणि नोंदीच्या तळाशी शब्दाचं मूळही मिळतं. वर्गात मी तिथूनच सुरुवात करते: आधी फळी, मग फळीचं टेबल. टेबलावर वाढलेलं जेवण ‘बोर्ड’, टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी माणसंही ‘बोर्ड’. जहाजाची बाजू हाही जुना अर्थ, त्यातून ‘ऑन बोर्ड’. एवढं समजलं की अर्थ घोकावे लागत नाहीत.

व्याख्यांची इंग्रजी सोपी आहे, कारण त्या सुमारे ३००० नेहमीच्या शब्दांच्या यादीला धरून लिहिलेल्या असतात. मुळात हा कोश परभाषिकांसाठीच रचलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्याची पहिली आवृत्ती १९४२ साली तिथंच निघाली.

मराठी अर्थ मात्र अजिबात नाहीत. त्यामुळं आठवीच्या आतल्या मुलांना ही देऊ नका, ती कंटाळून बाजूला ठेवतील. छापील प्रत जाडजूड आहे, दप्तरात नेण्याजोगी नाही. ती घरी टेबलावर असू द्या आणि शाळेच्या कामापुरती मोबाइलवर वेबसाइट उघडून द्या.