अरबी झालेला मोबाइल पन्नास रुपयांत मराठीत, आर्वीच्या स्टँडजवळचं छोटं दुकान

बाबांच्या मोबाइलची भाषा अरबी झाली होती. कशी झाली ते देवालेच माहीत, म्हणजे सुटीत आलेल्या भाच्यालेही माहीत आहे पण तो कबूल करून नाही राहिला. अक्षरं गेली ते गेलीच, वरून अरबी उजवीकडून डावीकडं लिहितात म्हणून सगळा मोबाइलच उलटा, मागं जायचा बाण उजवीकडं अन् सेटिंगमधलं चालू-बंदचं बटन डावीकडं. नेमकी ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद) राहिली होती, कपाशीचा फोटो वावरात उभं राहून काढा लागते, अन् मोबाइल हा असा.

आधी ज्या दुकानात गेलो (नाव नाही घेत, उगाच भांडण नको) त्यानं दोन मिनिटं बोट फिरवलं अन् म्हणे फॉरमॅट मारा लागते, तीनशे रुपये. म्हटलं अन् फोटो? तर म्हणे जातीन. ढेकूण झाले म्हणून खाट जाळायची गोष्ट झाली ही.

मग स्टँडजवळच्या टपरीवजा दुकानात गेलो, कव्हरं लटकवली आहेत अन् एकच स्टूल आहे, त्यावर बाबा बसले मी उभा. पोरगा विशीतला असन. त्यालेही अरबी येत नाही पण त्यानं काय केलं, त्याच कंपनीचा स्वतःचा मोबाइल काढला, बाजूले ठेवला अन् ओळी मोजत गेला. बाजू उलटी झाली तरी वरून खालचा नंबर तोच राहते ना! दातेरी चाक कोणत्याही भाषेत दातेरी चाकच, ते दाबलं, मग खाली सिस्टीमची ओळ, त्यात भाषेची ओळ. सॅमसंगमधी हे जनरल मॅनेजमेंटमधी राहते अन् शाओमीत ॲडिशनल सेटिंग्जमधी, म्हणून कंपनी पाहूनच मोजा लागते म्हणे. भाषांच्या यादीत मात्र प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत राहते, तिथं पोचलं की झालं, मराठी दिसतेच.

यादीत हिंदी आधीपासून होती, तेच एक नंबरवर ओढून त्यानं मोबाइल दिला, म्हणे काकाजी हिंदी चालते ना. बाबा म्हणे नाही बावा, मले मराठीच पायजे. हे मले आवडलं की तोंड वाकडं न करता त्यानं पुन्हा आत जाऊन मराठी जोडली अन् धरून वर ओढली. मराठी केल्यावर वरचं घड्याळही ११:४० असं दिसाले लागलं, हिंदीत असताना आकडे इंग्रजीच होते. बाबांनी आधी घड्याळच पाहिलं, मग मान हलवली.

पैसे पन्नास. म्हणाल एवढ्याशा कामाचे पन्नास, पण त्यानं पुन्हा अरबी करून बाबांच्या हातून मराठी करून घेतली, दोनदा. दुसऱ्यांदा बाबा सिस्टीमच्या ऐवजी भलत्याच ओळीत घुसले तरी हा शांत, काकाजी मागं या, उजवा बाण, उजवा. आमच्याकडं इतकं कोण सांगते. लॅपटॉपचं विचारलं तर म्हणे विंडोज राहीन तर विंडोजचं बटन धरून आय दाबा, सेटिंग उघडते, तिथं घड्याळाचं चित्र पाहा, भाषा तिथंच. घरी करून पाहिलं, बरोबर निघालं.

एक स्टार कापला, पाचपैकी चार. मधीच रिचार्जवाला आला की हा आपलं काम सोडून तिकडं, दोनदा असं झालं, अन् चहाले गेला तर पंधरा मिनिटं दुकान मोकळंच. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, उभं राहाले जागा नाही भेटत. अन् जाताना घरात त्याच कंपनीचा दुसरा मोबाइल असन तर सोबत न्या, त्याचा स्वतःचा बरेचदा चार्जिंगले लागलेला राहते.