‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार: ४३ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून, आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आला, तो हॉलमध्ये न लावता मी माझ्या कामाच्या खोलीत ठेवला. सासूबाईंनी दारातून बघितलं आणि विचारलं, “एवढा मोठा टीव्ही, आणि त्याच्यावर नुसती पांढरी पानं बघणार होय?” हो, नुसती पांढरी पानंच. कोल्हापुरात राजारामपुरीत घरातल्याच एका खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम चालतं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि वर्षाला दोन-तीन पुस्तकं. रोजचे आठ तास, लग्नसराईत दहा-अकरा. एवढा वापर झाल्यावर आता काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्याकडे २४ इंची मॉनिटर होता. चष्म्याचा वाचायचा नंबर वाढत गेला तसं त्यावर पान मोठं करून बघावं लागे, आणि मोठं केलं की अर्धंच पान दिसे. पुस्तकाच्या कामात तर एका बाजूला हस्तलिखिताचं स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला लावलेलं पान अशी दोन्ही समोर लागतात. मोठा मॉनिटर विचारायला गेले तर याच मापाच्या मॉनिटरला टीव्हीच्या दुपटीच्या वर किंमत सांगितली. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि मी टीव्हीच घ्यायचं ठरवलं.

माप मात्र विचार करून घ्या. ४३ इंची फोर-के पडद्यावर इंचाला साधारण १०२ ठिपके बसतात. माझ्या जुन्या २४ इंची मॉनिटरवर ९२ बसत होते, म्हणजे अक्षर त्याच्यापेक्षा बारीक आणि रेखीव. ५५ इंची फोर-के घेतला तर हाच आकडा ८० वर येतो. आणि ३२ इंची स्वस्त टीव्ही बऱ्याचदा १३६६ × ७६८ चे असतात, तिथे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. त्यावर सिनेमा चालेल, पण दोन फुटांवर बसून ‘क्ष’ आणि ‘ष्ट’ वाचत बसणं डोळ्यांचं नुकसान आहे. ३२ इंचीवर पैसे वाचतात म्हणून कुणी जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

पहिल्या दिवशी जोडला तर माऊस अडखळत चालत होता. बाण हलवला की तो पडद्यावर उड्या मारत जायचा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय (टीव्हीला चित्र पाठवायचं सॉकेट) १.४ चं होतं, आणि त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा जायला एचडीएमआय २.० लागतं. मी २.० चं एक साधं ग्राफिक कार्ड बसवून घेतलं. कॉम्प्युटरला मागे डिस्प्लेपोर्ट नावाचं वेगळं सॉकेट असेल तर ॲक्टिव्ह प्रकारचा कन्व्हर्टरही चालतो, पण दुकानात पहिल्यांदा हातात ठेवतात तो साधा, तो ३० वरच अडतो. कार्ड बसवल्यावर माऊस पाण्यासारखा पळायला लागला आणि सगळं जमलं असं मी धरून चालले.

तिथेच माझी चूक झाली.

तुळशीची लग्नं झाली आणि पत्रिकांची कामं सुरू झाली. एका पत्रिकेत पैठणीच्या काठासारखा गर्द हिरवा पट्टा होता आणि त्यावर वधूचं नाव कुंकवाच्या लाल रंगात. असा रंगमेळ मी स्वतःहून करत नाही, पण मुलीच्या आईची हौस होती. मजकूर मोबाईलवर पाठवला, त्यांनी होकार दिला, मी पडद्यावर शेवटचं वाचून फाईल छपाईला दिली. तीनशे प्रती छापून आल्यावर मुलीचे वडील एक पत्रिका घेऊन दारात उभे राहिले. ‘चि. सौ. कां.’च्या जागी ‘चि. सौ. का.’ झालं होतं. सौभाग्यकांक्षिणीचा अनुस्वारच नव्हता. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, “ताई, एवढं बघायला पाहिजे होतं बघा,” एवढंच म्हणाले. मी सगळ्या पत्रिका माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून लग्नपत्रिकेत अशी चूक गेली नव्हती.

टिंब टाईप करताना राहिलं, तो माझाच दोष. पण वाचताना ते का दिसलं नाही? म्हणून दुसऱ्या दिवशी तीच फाईल उघडून जवळून बघितली. लाल अक्षरांच्या कडा हिरव्यात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. मुद्दाम अनुस्वार देऊन बघितला, तर तोही धड टिंब न दिसता एक मळकट डाग दिसत होता. म्हणजे तिथे टिंब आहे की नाही हे कळण्याइतकं स्वच्छ काही दिसतच नव्हतं, आणि सवयीनं मी ते आहेच असं धरून पुढे वाचत गेले होते.

कारण शोधायला चार दिवस गेले. ते नीट सांगते, कारण टीव्हीला मॉनिटर करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारकावा चांगला कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून टीव्हीच्या चित्रात उजळपणा प्रत्येक ठिपक्याचा वेगळा पाठवतात आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच पाठवतात. याला ४:२:० म्हणतात. टीव्हीवरचे कार्यक्रम, सिनेमे सगळे असेच येतात आणि कुणाला काही कमी वाटत नाही. पण अक्षराची कड एकाच ठिपक्यात बदलते. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तर उजळपणाच्या जोरावर ते बरंचसं टिकतं. गर्द हिरवा आणि कुंकवाचा लाल यांच्या उजळपणात मात्र फारसा फरक नसतो. सगळा फरक रंगाचा, आणि रंगच चार ठिपक्यांत वाटून गेलेला. आपला अनुस्वार पडद्यावर असतो केवढा? पान पूर्ण दिसत असेल तर तीन-चार ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रंग मिळतो त्याला ४:४:४ म्हणतात, आणि अक्षरांच्या कामाला तोच हवा.

माझ्या टीव्हीला ४:४:४ येत होतं, फक्त ते बंद होतं. सेकंदाला ६० वेळा फोर-के, तेही पूर्ण रंगात पाठवायचं तर एचडीएमआय २.० ची जवळपास सगळी १८ गिगाबिटची क्षमता लागते, म्हणून बरेच टीव्ही आपलं सॉकेट सुरुवातीला कमी क्षमतेवर ठेवतात. सेटिंगमध्ये जाऊन ते वाढवावं लागतं. या सेटिंगचं नाव कंपनीगणिक वेगळं: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. त्यानंतर त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करायचं, नाहीतर टीव्ही आतल्या आत पुन्हा रंग कमी करू शकतो. मी हे दोन्ही केलं आणि शेवटी ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी, पूर्ण रेंज निवडली. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि हिरव्या पट्ट्यावर लाल टिंब टाचणीच्या टोकासारखं उभं होतं. मला भरून आलं.

यातली गंमत अशी की पहिल्या दिवशी माऊस अडखळत होता तेव्हा रंग पूर्ण येत होते. वेग वाढवला आणि टीव्हीनं गुपचूप रंग कापले. पडद्यावर कुठेही तशी सूचना येत नाही.

दुसरी गोष्ट शार्पनेसची, म्हणजे चित्राच्या कडा उठावदार करणाऱ्या सेटिंगची. टीव्ही घरी येतो तेव्हा तो वाढवलेला असतो, आणि देवनागरीला तो इंग्रजीपेक्षा जास्त बाधतो. आपली शिरोरेषा आडवी, सलग. शार्पनेसमुळे तिच्या वर-खाली पांढरट सावली पडते, आणि त्या सावलीत वरचा रफार नि मात्रा फुगतात. ‘र्थ’ आणि ‘र्थी’ लांबून सारखेच वाटायला लागतात. माझ्या टीव्हीवर शार्पनेस शून्यावर आणल्यावर अक्षर छापल्यासारखं झालं. काही टीव्हींत कुठलीही लुडबूड न करणारा आकडा शून्य नसून मधला असतो, म्हणून एक-एक आकडा कमी करत शिरोरेषेकडे बघत राहायचं. सावली गेली की थांबायचं. चित्र गुळगुळीत करणारं, चित्रातले बारीक कण (‘नॉइज’) कमी करणारं, पांढरं पान उघडलं की उजेड कमी-जास्त करणारं, वीज वाचवणारं, हे सगळं बंद. आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची पट्टी अर्धी दिसत असेल, तर चित्राच्या मापाच्या सेटिंगमध्ये ‘फिट’सारखा पर्याय शोधायचा.

आता बसण्याबद्दल. पडदा ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ उंच. अडीच फुटी टेबलावर त्याच्याच पायांवर ठेवला तर वरची कड डोळ्यांच्या बरीच वर जाते. महिनाभर तसंच काम केलं आणि मान धरली. मग सुताराकडून टेबल दोन फुटांचं करून घेतलं, ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि टीव्ही भिंतीवर इतका खाली लावला की त्याची खालची कड टेबलाच्या पातळीच्याही थोडी खाली गेली. आता वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. मान त्यानंतर दुखलेली नाही. ब्रॅकेट लावायला आलेला मुलगा दोनदा म्हणाला, “काकी, एवढ्या खाली कोण लावतंय?” मी पट्टीनं मोजून खूण करून दिली होती, तिथेच लावून घेतला.

फायदा काय झाला, तर तीन कोरे ए-४ कागद खऱ्या मापात शेजारी शेजारी मांडता येतात. डेमी आकाराच्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं मध्ये, डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे कोरलच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) पट्ट्या. हिवाळ्यात एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचं पुस्तक लावलं. ते कसबा बावड्याहून येत आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसत. जुन्या मॉनिटरवर त्यांना काहीच दिसत नसे, प्रत्येक वेळी प्रिंट काढून द्यावी लागे. इथे पान मोठं करून ठेवलं की ते काठीचं टोक वर करून चूक दाखवत. “ताई, ह्यो दीर्घ हाय का ऱ्हस्व? दीर्घच हाय की! इथनं दिसतंय सगळं.” एकशे साठ पानांचं पुस्तक आम्ही दोघांनी अकरा बैठकांत तपासलं. माझ्यासाठी टीव्हीचे पैसे तिथेच वसूल झाले.

त्रास आहेतच. मॉनिटर कॉम्प्युटरबरोबर झोपतो आणि उठतो, टीव्ही तसं करत नाही. कॉम्प्युटर झोपला की हा ‘सिग्नल नाही’ म्हणत जागाच राहतो, आणि सकाळी रिमोट शोधून चालू करावा लागतो. टीव्ही बंद करून परत लावला की उघड्या ठेवलेल्या सगळ्या खिडक्या कधी कधी डाव्या कोपऱ्यात गोळा झालेल्या असतात. रिमोटला चार तास हात लावला नाही तर टीव्ही आपोआप बंद व्हायचा. ऐन लग्नसराईत तीनदा झालं तेव्हा ते सेटिंग सापडलं.

एप्रिल-मेच्या वळिवात लाईट जायची, तेव्हा कॉम्प्युटर यूपीएसवर सुरू आणि टीव्ही काळा. सेव्ह करायचं कुठे दाबायचं तेच दिसत नसे. आता टीव्हीही यूपीएसवर घेतला आहे. माझा ६०० व्हीएचा यूपीएस दोन्ही मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटं ओढतो, फाईल बंद करायला तेवढं पुरतं. विजा चमकायला लागल्या की मी दोन्ही प्लग काढून ठेवते.

रंगाच्या बाबतीत टीव्हीवर मी विसंबत नाही. पाऊण मीटरवरून बघताना पडद्याच्या दोन्ही टोकांकडे नजर बत्तीसेक अंशांनी तिरकी जाते, आणि माझ्या टीव्हीच्या पॅनेलवर तिथला लाल फिका पडतो. मधोमध ठेवलेला किरमिजी कडेला नेला की वेगळा दिसतो. त्यामुळे पत्रिकेचा रंग ठरवताना गिऱ्हाइकाच्या हातात छापलेलं शेड कार्ड देते. जुना २४ इंची मॉनिटर बाजूला उभा करून ठेवलाय. फाईल छपाईला देण्याआधी प्रत्येक पत्रिका त्यावर एकदा वाचते, मोठ्यानं, काना-मात्रेसकट.

कुणाला घ्यायचाच असेल तर एक करा. मी एक पान बनवलं आहे: हिरव्यावर लाल, केशरीवर लाल, काळ्यावर निळं, प्रत्येक ओळीत ‘कां’, ‘र्थी’, ‘ष्ट्र’, ‘हृ’, बारा पॉइंटात. असं पान पेन ड्राइव्हवर न्या आणि दुकानात टीव्हीला लॅपटॉप जोडून तिथून बघा. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीत घालून उपयोग नाही, कारण त्यात एचडीएमआयच्या वाटेची परीक्षाच होत नाही. मी त्या दसऱ्याला गेले होते त्या दुकानात त्यांनी लॅपटॉप जोडू द्यायला नकार दिला होता, आणि गर्दी होती म्हणून मीही आग्रह धरला नाही. आता धरला असता.